सुपारी फुटण्याआधी

नालवाडी, वर्धा
२ डिसेंबर १९८४

श्री. बापूराव यांस,
नमस्कार.

हे पत्र माफीचं नाही. आधीच सांगतो, म्हणजे फाडायचं असेल तर पहिल्या ओळीवरच फाडता येईल.

मागच्या रविवारी तुमच्या अंगणात साठेक माणसं बसली होती. ताटात सुपारी, नारळ, कुंकू. तुमच्या गोपिकाचं आणि माझं लग्न त्या दिवशी पक्कं व्हायचं होतं, आणि मी उठून म्हणालो की मुलीच्या रक्ताची तपासणी झाल्याशिवाय सुपारी फुटणार नाही. यात माझं काय चुकलं? तुम्ही पत्रिका जुळवली, मी काही बोललो का? नाडी पाहिली, गण पाहिला, रास पाहिली. मग एक रक्त पाहिलं तर एवढं काय कोसळलं?

त्यावर गोपिकाचे मामा भैय्याजी काय म्हणाले ते आठवा. "काऊन बे, पोरगी पाहाले आला का बैलबाजारात आला? दातबी मोजतं का तिचे?" सगळे हसले. तुम्हीही हसलात, मी पाहिलं. मग मी जे बोललो ते बोललो. निघताना ताटाला माझा पाय लागला आणि सुपाऱ्या अंगणभर झाल्या. मुद्दाम नाही. गर्दी होती.

आत्ता तुमच्याकडे म्हणत असतील की कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराकडून दुसरी काय अपेक्षा. तर ऐका, कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी हजेरी कमी भरली, म्हणून सरांनी वर्गात उभं केलं. "काय हो, वावरात झोपा काढता का?" मी वही बाकावर ठेवली आणि बाहेर आलो, पुन्हा गेलो नाही. हजेरी का कमी होती हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आणखी एक. गोपिका पुलगावहून रोज गाडीनं वर्ध्याला कॉलेजात येते. दोन वर्षं मी सव्वादहाला स्टेशनच्या फाटकापाशी भाजीची सायकल उभी करत आलो. तिथं माझी भाजी कोणी घेत नाही. हे तुम्हाला माहीत नव्हतं, आता झालं.

तपासणीला काचेची एक नळी भरेल एवढंच रक्त लागतं. तेवढं तिला द्यायला सांगा.

हरिदास रूपराव


नालवाडी
२३ डिसेंबर १९८४

आदरणीय बापूराव,

काल शालूआत्या पुलगावहून आली. हे स्थळ तिनंच जुळवलं होतं, म्हणून दोन्हीकडच्या शिव्या तिलाच. पायरीवरच बसली, चहाला नको म्हणाली. मग म्हणाली, "आर्वीचे पाव्हणे वापस गेले बाप्पा. म्हणे, पोरीच्या रक्तात खोट असन, नाई तं पहिला पोरगा भरल्या बैठकीतून कायले उठला असता?"

मी विचारलं, "गोपिका काय म्हणते?"

"ते काय म्हणन? पाणी भरते, धुणं धुते. बोरिंगवर गेली का बाया बाजूले सरकते."

रात्रभर ती बोरिंग माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही. म्हणून आता लिहितो.

खोट माझ्या रक्तात आहे.

त्याला सिकलसेल म्हणतात. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. चांगली रक्तपेशी गोल असते, माझी वाकते, विळ्यासारखी होते, बारीक नसेत अडकते आणि मागून येणाऱ्यांनाही अडवते. मग तिथं दुखतं. कोणी हाडात पहार घालून फिरवावी तसं. मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासून हे आहे. गावात संधिवात म्हणून सुया दिल्या, रक्त कमी म्हणून लोहाचं टॉनिक पाजलं, आई गिरडच्या दर्ग्याला नवस बोलली. खरं नाव मोठ्या दवाखान्यात कळलं, त्याला वर्ष झालं. आईकडून अर्धं आलं, बाबांकडून अर्धं. ते दोघं धडधाकट, आणि मी असा. ज्याच्याकडे अर्धंच आहे त्याला काही होत नाही, त्याला ते कळतही नाही. म्हणून डॉक्टर म्हणाले, लग्न करशील तर मुलीचं रक्त आधी पाहा. तिच्याकडे मुळीच नसेल तर तुझं एकही मूल आजारी होणार नाही. तिच्याकडे अर्धं असेल तर प्रत्येक मुलामागे अर्धी भीती.

माझ्या तपासणीची चिठ्ठी त्या रविवारी माझ्या खिशात होती. निघताना आई म्हणाली होती, "सांगजो नको. लगन झाल्यावर पाहू. घरात बहीण आहे तुही बिनलग्नाची." मी मनात ठरवलं, नुसती तपासणी मागतो. कोणीतरी 'काऊन?' म्हणून कारण विचारेलच, मग सांगतो. साठ माणसांत एकानंही काऊन म्हटलं नाही. आणि म्हटलं असतं तर सांगितलं असतं का? आज हो म्हणावंसं वाटतं. पण खरं लिहायचं तर भैय्याजी बोलले तेव्हा राग आला तसं बरंही वाटलं. भांडण झालं की सांगावं लागत नाही.

ताटाला पाय लागला नव्हता. मी लाथ मारली होती.

पण मला मरायला टेकलेला समजू नका. तुम्ही गिरणीत लागलात तरी घर माळ्याचंच, आमची पहाट कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेला हौद, त्यात मेथी, पालक, कोथिंबिरीच्या जुड्या बुडवायच्या, म्हणजे बाजारात पोचेपर्यंत पानांवर थेंब राहतो. हिवाळ्यात त्या पाण्यात तासभर हात राहिले की दुपारी माझं अंथरूण ठरलेलं. या दिवाळीनंतर मी बाबांना म्हटलं, मी हौदात हात घालणार नाही. ते म्हणाले, "माळ्याचं पोट्टं पाण्याले भेते! उद्या मासोळी म्हणन मले सर्दी झाली." तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मी भर दुपारी भाजी उपटली. मोटार लावून विहिरीच्या ताज्या पाण्यात धुतली, थंडीत ते पाणी कोमट येतं. ओल्या पोत्यात झाकून ठेवली आणि सकाळी बाजारात नेली. बायांनी उचलली. एकीनंही विचारलं नाही की कधी धुतली. आता बाबाही दुपारीच धुतात. माझ्यासाठी नाही म्हणतात, त्यांच्या कमरेसाठी.

हे पत्र बैठकीला आलेल्या कोणालाही वाचून दाखवा. तिलाही दाखवा. नाही, तिला आधी दाखवा.

हरिदास


दवाखाना, वर्धा
१४ जानेवारी १९८५

आदरणीय बापूराव,

तुमचं कार्ड मिळालं. "पत्रात लिहिले ते त्याच लोकांसमोर येऊन बोलावे. पुढचे नंतर पाहू." तुमचं म्हणणं बरोबर आहे. खाली कोपऱ्यात दुसऱ्या शाईनं, मुंगीएवढ्या अक्षरात आणखी तीन शब्द आहेत. "पाणी पीत जा." हे अक्षर तुमचं नाही. तुम्ही पाहिलं नसेल तर मी काही बोललो नाही.

आता दवाखान्यात कसा आलो ते. कार्ड आलं बुधवारी. गुरुवारी उजाडता-उजाडता मी सायकल काढली, की आत्ताच जातो पुलगावला, दारोदार सांगतो आणि मोकळा होतो. अंगात नुसता सदरा. बरोबर पाणी नाही. पोटात काही नाही. खिशात ते कार्ड. देवळीच्या पुढे पाय पॅडलवरून सुटले आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो तो उठलोच नाही. कापसाच्या बंडीवाल्यानं उचलून आणलं. डॉक्टर म्हणाले, "तुझा आजार मी सांभाळीन. तुझं डोकं कोण सांभाळणार?"

हसू नका. हसला असाल तर हसा.

आई उशाशी बसून एकच म्हणत होती, की पुलगावात तोंड उघडू नको, लीलाचं लग्न मोडेल. लीला म्हणजे माझी धाकटी बहीण, अकरावी झालेली. ती डबा घेऊन आली होती. डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "माह्या नावानं काऊन रडतं वं आई? मले विचारलं का?" आणि नर्सबाईंपुढे बाही वर करून उभी राहिली. "माहंबी पाहा." काल तिची चिठ्ठी आली. अर्धं आहे. आईनं डोक्याला हात लावला. लीला म्हणाली, "मी सांगून लगन करीन. ज्याले पटन नाई त्यानं चहा प्यावा अन् जावं."

माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे ती. मला तिच्याकडे पाहवेना.

इथं पडल्या-पडल्या ठरवलं ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाही म्हणता येणार नाही. दिवसाला चार तांबे पाणी, तहान असो नसो. फॉलिकच्या पिवळ्या गोळ्या रोज. थंडीत कानाला मफलर, कोण काय म्हणेल ते म्हणो. पोतं पाठीवर घ्यायचं नाही. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. दुखायला लागलं तर त्याच वेळी सांगायचं. हे शेवटचं मला सगळ्यात जड आहे.

रविवारी, १० फेब्रुवारीला येतो. लोक जमवा. बसनं येईन, स्वेटर घालून.

हरिदास


नालवाडी
१२ फेब्रुवारी १९८५

आदरणीय बापूराव,

परवा तुम्ही तिथं होतात, तरी लिहितो, कारण मी बोलत असताना तुम्ही जमिनीकडे पाहत होतात.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, आजारी मी आहे, तपासणी मी माझ्यामुळे मागितली, गोपिकाच्या रक्ताबद्दल मला काहीही ठाऊक नव्हतं. भैय्याजींनी पान बाजूला काढून विचारलं, "मंग तवाच काऊन नाई सांगितलं बे?"

"भेलो होतो मामा."

"लाथ माराले नाई भेला!"

लोक हसले. या खेपेला मीही हसलो. वाटलं, झालं, सुटलं. आता बोरिंगवर बाया तिला जागा देतील.

तेवढ्यात ती माजघराच्या दारातून पुढे आली. हात ओले होते, पदराला पुसत होती. "माहंबी ऐका," म्हणाली. "माह्या रक्तातबी अर्धं आहे. पंधरा दिवसांआधी बाबाइनं मले वर्ध्याले नेलं होतं. चिठ्ठी त्याइच्या खिशात आहे."

तुमचा हात कोटाच्या खिशावर गेला. चिठ्ठी काढायला नाही, झाकायला. मला तुमचा राग आला नाही बापूराव. तो हात माझ्या ओळखीचा आहे. तुम्हाला वाटलं, पोरगा येईल, दोष स्वतःवर घेईल, पोरीवरचा बट्टा निघेल, आणि ती चिठ्ठी कोणाला दिसायची नाही. माझ्या आईनंही असंच काही योजलं होतं. आणि तुम्हा दोघांनाही आमचं वाईट करायचं नव्हतं.

सगळे उठून गेले. भैय्याजी जाताना गोपिकाला म्हणाले, "कायले बोलली वं? चांगलं निभत होतं." ती म्हणाली, "निभत होतं मामा, पण कोणाचं?"

मी बसस्टँडवर आलो तेव्हा मागून तुम्ही आलात, चपलाही न घालता. तुम्ही विचारलं, "तुले आहे, तिले अर्धं आहे. लेकराचं काय?" मी म्हणालो, लेकरू होऊ देणार नाही. तुम्ही म्हणालात, "आज म्हणतं. तुह्यासारख्या डोक्याच्या माणसाचं आजचं म्हणणं उद्या राह्यते का? तिशीत गेला का घरात आदळआपट करशीन, अन् ऐकन माही पोरगी."

बस आली आणि मी चढलो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आणतो.

हरिदास


नालवाडी
३ मार्च १९८५

आदरणीय बापूराव,

उत्तर आणायला गेलो होतो, ते कसं फसलं ते सांगतो.

मागच्या मंगळवारी इथल्या शाळेत कुटुंब नियोजनाचा कॅम्प होता. मी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे चार पोरांचे बाप, मागे पाच पोरांचे. टेबलावरच्या बाबूनं विचारलं, "मुलं किती?" म्हटलं, नाहीत. "बायकोचं नाव?" म्हटलं, अजून नाही. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "भाऊ, लोकाइले आम्हाले पकडून आणा लागते, अन् तू बिनबायकोचा रांगेत?" डॉक्टर बाहेर आले. त्यांना सगळं सांगितलं. ते समजुतीनं बोलले, पण नाहीच म्हणाले. लग्न नाही, मूल नाही, आणि त्यात माझा हा आजार. रांगेतले लोक पोट धरून हसत होते. मी कोणाला काही बोललो नाही. लाथ तर नाहीच.

म्हणजे तुमच्यापुढे ठेवायला माझ्याकडे दाखला नाही, नुसता शब्द आहे.

ही गोष्ट वर्ध्यात पसरायला दोन दिवस लागले. गोपिकानं स्टेशनबाहेर मला गाठलं. तुम्हाला न सांगता भेटलो, हा गुन्हा कबूल. वाटलं होतं, ती म्हणेल, माझ्यासाठी केवढं केलंस. ती वह्या-पुस्तकं सायकलच्या कॅरिअरवर आपटून म्हणाली, "मले विचारलं होतं? लेकरू नको हे मीबी ठरवलं आहे. महिना झाला, रोज ठरवतो अन् रोज रडतो. अन् तू माह्या वाटणीचंबी ठरवून रांगेत जाऊन उभा राह्यला! मले न विचारता सुपारी मोडली, मले न विचारता हे."

मी म्हणालो, चुकलं. ती म्हणाली, "चुकलं नको म्हणू. विचारत जाय." आणि गाडी आली तशी गेली.

तिला दोन वर्षं पाहत होतो, पण ती कोण आहे ते मला त्या दिवशी कळलं.

तुमचं दुसरं कार्ड काल आलं. "तिचे बी.ए. आणि बी.एड. होऊ द्यावे. दोन वर्षे पत्र नको, भेट नको. त्यानंतर हेच शब्द असतील तर यावे." वाचल्यावर मी अंगणात तीन फेऱ्या मारल्या आणि बाबांच्या फावड्यावर राग काढला. मग बसून पुन्हा वाचलं. तुम्ही नाही म्हटलेलं नाही. तुम्ही मला जे सगळ्यात कठीण जाईल तेवढंच मागितलं आहे.

मान्य. या वेळी तिला विचारून कळवतो आहे, शालूआत्याकरवी. तिलाही मान्य आहे.

हरिदास


नालवाडी
८ मार्च १९८७

आदरणीय बापूराव,

दोन वर्षं आणि पाच दिवस झाले. पाच दिवस यासाठी, की पत्र चार वेळा लिहून फाडलं.

दोन वर्षांत दोनदा दवाखान्यात राहिलो, एकदा सहा दिवस, एकदा तीन. दोन्ही वेळा पहिल्या दुखण्यालाच सांगितलं. पालेभाजी बाबांकडे ठेवली. मी वांगी, भेंडी आणि चवळीच्या शेंगा पाहतो, त्यांना पाण्यात बुडवावं लागत नाही. बाजारात मला मफलरवाला म्हणतात. म्हणोत. कोणी वेडंवाकडं बोललं तर आधी तांब्याभर पाणी पितो, तोवर बोलणारा पुढे गेलेला असतो. प्रत्येक वेळी जमतं असं लिहिणार नाही. दिवाळीत एका दलालाची कॉलर धरली होती.

लीलाचं लग्न झालं हे तुम्हाला कळलं असेल. तीन स्थळं चहा पिऊन गेली. चौथ्यानं, तळेगावच्या हरिभाऊंच्या मुलानं, स्वतःच जाऊन रक्त दिलं आणि चिठ्ठी घेऊनच आला. त्याच्याकडे काही निघालं नाही. आता चार महिन्यांची मुलगी आहे त्यांना.

त्या पोरीमुळेच हे पत्र चार वेळा फाडलं.

गेल्या महिन्यात लीला माहेरी आली, तेव्हा तिनं ती पोर माझ्या मांडीवर ठेवली आणि आत गेली. पोरीनं माझं बोट धरलं आणि सोडेना. मी तिथं बसून राहिलो, मोटार बंद करायची होती तरी उठलो नाही. बापूराव, मला फार वाईट वाटलं. असं वाईट मला हाडं दुखतानाही कधी वाटलेलं नाही. दोन दिवस धड जेवलो नाही. तुम्ही बसस्टँडवर जे विचारलं होतं ते सगळं समोर येऊन बसलं. आज असं होतं, तर तिशीत काय होईल?

मग ठाण मांडून विचार केला. समजा माझ्या घरी मूल झालं आणि ते सहाव्या वर्षी पाय धरून ओरडायला लागलं. माझी आई माझे पाय दाबत रात्री काढायची तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे. ठाऊक असून मी तो डाव खेळणार नाही. आणि घरात आदळआपटही करणार नाही, कारण वाईट वाटलं तर मी वाईट वाटलं म्हणेन. ते मला दोन वर्षांपूर्वी म्हणता येत नव्हतं. तेव्हा मी 'लेकरू नको' म्हणालो ते तुमच्यावर बाजी मारायला. आज लेकरू हवंसं वाटतं आणि तरी नको म्हणतो. शब्द तेच आहेत.

तुम्हालाही यात काय सोडावं लागेल हे मला कळतं. गोपिका तुमची एकुलती एक. तुमच्या अंगणात नातवंड खेळणार नाही. हे नीट ऐकून मग हो म्हणा, नाही तर नाही म्हणा.

शालूआत्या सांगते की तिनं दोन स्थळं स्वतःच परत पाठवली. त्यावरून मी काही धरून चाललेलो नाही. दोन वर्षांत तिचं मन बदललं असेल तर तो तिचा हक्क आहे. माझ्या या पत्राचं ओझं तिच्यावर टाकू नका. आधी तिला विचारा, मग हे दाखवा.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं येतो. आई बरोबर येते आहे. तिला मी चल म्हटलं नाही. काल तिनं स्वतःच लुगडं धुऊन वाळत घातलं आणि म्हणाली, "तू चूप बसजो. त्या वक्ती लपवलं मीनं होतं. पहिले मी बोलीन."

हरिदास